‘अधूनमधून’ म्हणजे नक्की कधी?

उद्यमनगरी (धागाकर्ता)
कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे. गेल्या आठवड्यात सीएनसी मशीन (कॉम्प्युटरवर चालणारं) चालता चालता थांबायला लागलं. ऑपरेटरनं वहीत लिहिलं, "अधूनमधून अलार्म येतो." तेच मी सर्व्हिसवाल्याला फोनवर वाचून दाखवलं. पलीकडनं प्रश्न आला, "इंटरमिटंट की स्पोरॅडिक?" मी गप्प.

मग त्यानंच फोड करून सांगितलं. दोष एकच, जागेवर बसलेला, पण कधी दिसतो कधी लपतो, तो इंटरमिटंट. आज हा अलार्म, उद्या तो, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही, ते स्पोरॅडिक. पहिल्यात केबल चाचपायची, दुसऱ्यात अर्थिंग आणि व्होल्टेज आधी बघायचं. आम्ही दीड दिवस अर्थिंगच बघत बसलो होतो. निघाली केबल. ड्रॅग चेनमध्ये, म्हणजे केबल धरून मशीनबरोबर हलणाऱ्या साखळीत, वरचं आवरण शाबूत आणि आत तार तुटलेली. टरेट, म्हणजे हत्यारं बसवलेला भाग, टोकाला गेला की चेन वाकते, तुटकी टोकं सुटतात. मागं आला की परत टेकतात. मीटर लावला तेव्हा टरेट मधे उभा, मग दाखवणार काय?

तर माझं मत: इंग्रजीत अशा गोष्टींना निदान अर्धा डझन शब्द आहेत, आणि प्रत्येकाचं काम वेगळं. आपण सगळ्यावर ‘अधूनमधून’चं एकच फडकं फिरवतो. पटत नसेल तर खोडा.

रिटायर मास्तर
एकच फडकं? क्वचित, कधीमधी, अवचित, सठीसहामाशी, हे कुठं गेले? अधूनमधून येणाऱ्या पाव्हण्याला चहा असतो, सठीसहामाशी येणाऱ्याला कोंबडं कापतात. फरक कळायला आणखी काय पाहिजे? तुमचं ते ऑकेजनलसुद्धा ऑकेजनवरून आलं, तसं आपलं निमित्तावरून नैमित्तिक. शब्द आहेत. वापरायचा कंटाळा आहे.

उद्यमनगरी
गुरुजी, वहीत ‘नैमित्तिक अलार्म’ लिहिला तर ऑपरेटर मशीनपुढं नारळ फोडंल.

दवाखानेवाली
इंटरमिटंटचं एवढं कौतुक नको दादा. जुन्या डॉक्टरी पुस्तकांत इंटरमिटंट फीवर म्हणजे मुख्यतः मलेरिया. त्यातल्या व्हायवॅक्स प्रकारात ताप साधारण ४८ तासांनी उलटतो, मलेरिई प्रकारात ७२ तासांनी. इंटरमिटंटचं लॅटिन मूळ ‘मधे सोडून देणं’ असं आहे. म्हणजे ताप मधे सुट्टी घेतो एवढंच कळलं, किती दिवसांची ते नाही. आमची आजी त्या ४८ तासवाल्याला एकांतरा म्हणायची, एक दिवस आड. आता सांगा नेमका शब्द कुणाचा? आणि गाडीचा वायपर इंटरमिटंटवर टाकून बघा, ठरल्या सेकंदाला फिरतो.

स्पोरॅडिक मात्र मान्य. ग्रीक मूळ विखुरण्याचं, पेरण्याचं. बुरशीचे स्पोअर, म्हणजे बीजाणू, त्याच घरातले. साथ नसताना इकडं एक, तिकडं एक रुग्ण सापडला की आम्ही स्पोरॅडिक केस म्हणतो.

पावसाळी बेडूक
मग ते ‘तुरळक’ झालं की! हवामान खात्याचं ‘तुरळक ठिकाणी’ हे उगाच लिहिलेलं नसतं. विभागातल्या २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस असेल तर तो शब्द. २६ ते ५० टक्के असेल तर ‘काही ठिकाणी’. फक्त हा हिशेब जागेचा आहे, वेळेचा नाही. गगनबावड्यात धो धो आणि शिरोळात ऊन, असला प्रकार.

आणि एकाच गल्लीत दिवसभर येतोय-थांबतोय, त्याला काय म्हणतोस भावा? उघडझाप. हेच तुझं इंटरमिटंट. लाईट जाते-येते तेव्हा पेपरवाले ‘विजेचा लपंडाव’ छापतात, तेही तेच. तुझी केबल लपंडावच खेळत होती.

उद्यमनगरी
लपंडाव मथळ्यात शोभतो. सर्व्हिस रिपोर्टात लिहिला तर हसतील. उघडझाप मात्र लागला बरोबर. हा शब्द रोज तोंडात असून मशीनपाशी का सुचला नाही, तेच कळंना.

राधानगरी रोड
मला दोन्ही बाजू अर्ध्याच पटल्या. राधानगरी धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे घ्या. पातळी चढली की आपोआप उघडणार, उतरली की मिटणार. कधी ते कुणी सांगू शकत नाही, पण नियम पक्का. त्याला अनियमित म्हणायचं? इरॅटिक म्हणायचं? इरॅटिकचं मूळ भटकण्यात आहे, दरवाजे कुठं भटकायला गेलेत? म्हणून नदीकाठची माणसं शब्दाच्या नादाला लागतच नाहीत, पाणी किती फूट ते विचारतात. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ म्हणजे इशारा, ४३ म्हणजे धोका. तुम्ही पण वहीत अलार्मचा नंबर आणि वेळ लिहा की.

रिटायर मास्तर
हे बरं सांगितलंत, पण मूळ मुद्दा सोडू नका. इंग्रजांची ‘वन्स इन अ ब्लू मून’ची मिजास बघा. एका इंग्रजी महिन्यात दुसरी पौर्णिमा म्हणजे ब्लू मून, तो दर अडीच-तीन वर्षांनी येतोच. आमच्या कपिलाषष्ठीला भाद्रपद वद्य षष्ठी, मंगळवार, रोहिणी नक्षत्र आणि व्यतिपात योग, एवढं सगळं एकदम जुळावं लागतं. दुर्मिळ कशाला म्हणावं ते आम्हाला शिकवू नये.

दवाखानेवाली
गुरुजी, कपिलाषष्ठी अलार्मला कशी लावणार? तुम्ही शब्द मोजताय, ते काम मोजतायत.

उद्यमनगरी
तेच म्हणतोय. शब्द असणं वेगळं आणि तेलकट हातानं वहीत लिहिताना तो सुचणं वेगळं. माझं म्हणणं निम्मं मागं घेतो, निम्मं ठेवतो. आजपासून वहीत दोन रकाने पाडलेत. तोच नंबर परत आला तर उघडझाप, वेगवेगळे आले तर तुरळक. शेजारी वेळ. ऑपरेटरला एका वाक्यात कळलं. सर्व्हिसवाल्याला मात्र इंटरमिटंटच सांगणार, तो पुण्यात बसतो.

पावसाळी बेडूक
मशीन चालू झालं का पण?

उद्यमनगरी
झालं की. आता कूलंटचा पंप घरघरतोय. वरचेवर.