सोमवारपासून पहिली ते पाचवी : राजेंद्र नगर, इंदूर येथील सोसायटी ग्रुपवरची चर्चा

शुक्रवार, 17 सप्टेंबर 2021

सी-104, छकुलीची आई, सकाळी 8:12
शाळेचा मेसेज आला. कोरोनामुळे दीड वर्ष बंद असलेले पहिली ते पाचवीचे वर्ग सोमवारी 20 तारखेपासून सुरू होतायत. वर्गात निम्मीच मुलं बसवणार, पालकांच्या सहीचं संमतीपत्र लागेल, नाही पाठवायचं त्यांचं ऑनलाइन चालू राहील. रविवारी अनंत चतुर्दशी आणि लगेच सोमवारी शाळा! आमच्या घरी अजून ठरत नाहीये. तुम्ही सगळे काय करताय?

ए-301, गोलूचे बाबा, 8:20
आम्ही नाही पाठवत. आपले डोस झाले, मुलांना लस कुठे आहे? एप्रिलमध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत या शहरात काय झालं ते विसरलो का आपण? बाबांसाठी बेड शोधत मी रात्रभर फिरलोय. दोन महिने आणखी थांबलं तर काय बिघडतंय?

बी-302, जुळ्यांची आई, 8:26
पाठवायचं तरी कसं हाच प्रश्न आहे. आमचा मॅजिकवाला (शाळेच्या छोट्या वॅनचा ड्रायव्हर) आता भाजीचा ठेला लावतो, म्हणाला भाभी, आता मुलं नाही नेणार. आणि निम्मी-निम्मी मुलं बोलावणार म्हणजे एक सोमवारी आणि दुसरा मंगळवारी, असं तर नाही ना करणार?

बी-204, 8:31
फीसचं काय? पूर्ण घेणार का आता?

सचिव, 8:33
फीसचा विषय कृपया वेगळा ठेवू या, नाहीतर मूळ प्रश्न राहून जाईल. जुळ्यांच्या आई, भावंडांना एकाच बॅचमध्ये घ्या असा अर्ज संमतीपत्राबरोबरच द्या. शाळा सहसा ऐकतात.

ए-101, डॉक्टरकाका, 9:05
गोलूच्या बाबा, एप्रिल मीही पाहिला आहे. तुमची भीती मी खोटी म्हणणार नाही. पण घरी ठेवलं म्हणजे मूल विषाणूपासून लांब राहिलं, असं झालेलं नाही. जून-जुलैमध्ये देशभर जो सीरो सर्व्हे (रक्ताची तपासणी) झाला, त्यात 6 ते 9 वर्षांच्या 57.2 टक्के मुलांच्या रक्तात अँटिबॉडी सापडल्या. तेव्हा ही मुलं कुठे शाळेत जात होती? आपणच बाहेरून घरात आणलं. बहुतेकांना साधा ताप-सर्दी झाली, कित्येकांना तेवढंही नाही.
आयसीएमआर या वैद्यकीय संशोधन परिषदेचे डॉ. बलराम भार्गव जुलैमध्ये म्हणाले होते की शाळा उघडायच्या तर प्राथमिक आधी उघडाव्यात, कारण लहान मुलं हा संसर्ग मोठ्यांपेक्षा चांगला पेलतात. अट एकच, शाळेतल्या सगळ्या मोठ्यांचं लसीकरण झालेलं असावं. म्हणून शाळेला सॅनिटायझरचा ब्रँड विचारण्यापेक्षा हे विचारा: शिक्षक, मावशी, वॅनचा ड्रायव्हर यांचे डोस झालेत का? वर्गाच्या खिडक्या उघडतात का, की एसी लावून दारं बंद करता?
मास्क 6 ते 11 वयात मोठ्यांचं लक्ष असेल तर चालतो, पाच वर्षांपर्यंत गरज नाही. बस्त्यात एक जादा ठेवा, ओला झाला की बदलायचा. अंग थोडं जरी गरम वाटलं तर त्या दिवशी घरी. परीक्षा असो, काही असो.
ज्यांच्या मुलाला दमा, मधुमेह किंवा दुसरा काही जुना आजार आहे, त्यांनी आधी मला फोन करा. त्यांचं वेगळं बघू.

ए-301, गोलूचे बाबा, 9:14
काका, तुमचं म्हणणं पटतं. पण घरात बाबा आहेत आणि त्यांची फुप्फुसं अजून पूर्ण सावरली नाहीयेत.

ए-101, डॉक्टरकाका, 9:16
मग तुमचं थांबणं मला समजतं. बाबांच्या पुढच्या तपासणीनंतर आपण बोलू.

सी-104, छकुलीची आई, 9:40
मला खरं तर आजाराची तेवढी भीती नाही. छकुली पहिलीत आहे. केजी-वन अर्धवट सुटलं तेव्हा चार वर्षांची होती, त्यानंतर तिने वर्गच पाहिला नाही. काल विचारलं, शाळेत जाशील ना? तर म्हणाली, तिथे मला म्यूट कोण करणार? मी हसले नाही, मला कसंतरीच झालं.

बी-202, ताई, दुपारी 1:50
आत्ता घरी पोचले. या आठवड्यात आम्ही शिक्षक शाळेत जाऊन वर्ग लावून राहिलोय. छकुलीच्या आईचा मेसेज वाचला आणि ठरवलं, आज नीट लिहायचंच. मी दुसरीला शिकवते. लांबलं तर माफ करा.
आधी हिशेब मांडते. आज जो मुलगा तिसरीत आहे, त्याने शेवटचा वर्ग पाहिला तो पहिलीचा. दुसरीतल्याने शेवटचा पाहिला तो केजी-टूचा. त्याची अख्खी पहिली मोबाइलवर झाली. आणि पहिली म्हणजे ज्या वर्षी मूल पेन्सिल धरायला, फळ्यावरून वहीत उतरवायला, आपली पाळी येईपर्यंत थांबायला शिकतं ते वर्ष. स्क्रीनवर मी बाराखडी शिकवू शकले. पण त्याची पेन्सिल कशी धरलीय ते कॅमेऱ्यात कुठे दिसतं? दिसतो तो कपाळाचा वरचा भाग आणि मागचा पंखा.
होमवर्कचे फोटो यायचे, अक्षर इतकं सुंदर की मला कळायचं, हे आईचं आहे. मी कुणाला बोलले नाही. आईला ऑफिसच्या मीटिंगमध्ये बसून हे करावं लागत होतं, तिला मी काय बोलणार? पण आता वर्गात त्या मुलाकडे आई नसेल. चार ओळी लिहून त्याचा हात दुखेल. फळ्याकडे बघून वहीत बघेपर्यंत शब्द विसरेल. बाजूच्याला उत्तर आलं की तो रडेल, कारण घरी त्याच्या आधी कुणी उत्तर देतच नव्हतं. हे सगळं होणार आहे आणि त्यात तुमच्या मुलाचा काहीही दोष नाही.
माझी हात जोडून विनंती: पहिले काही आठवडे "आज काय शिकवलं?" हे विचारू नका. "कोणाशेजारी बसलास?" असं विचारा. कोर्स कुठवर आला, मागचा कधी भरून काढणार, असे फोन शाळेला करू नका. आम्ही जर भरून काढायच्या नादात सोमवारपासून पान नंबर 40 उघडलं, तर जी मुलं आज अक्षरावर अडली आहेत ती कायमची मागे राहतील. मला गोष्टी वाचून दाखवायच्या आहेत, गाणी म्हणायची आहेत, पाढे टाळ्या वाजवत म्हणायचे आहेत. पालकांनी दम धरला तरच शाळा मला हे करू देईल. म्हणून इथे लिहितेय.
आणि मुलांसमोर "सगळं विसरला हा" असं कृपा करून म्हणू नका. मुलं ते खरं धरतात.
आता तयारीचं. बूट आजच घालून बघा, दीड वर्षात पाय केवढा वाढलाय! युनिफॉर्मची पँटही. टिफिन आणि बाटली स्वतः उघडता येते का बघा, येत नसेल तर शनिवार-रविवार तीच प्रॅक्टिस करून घ्या. मला एका हाताने तीस झाकणं उघडता येतात, पण सध्या मी मुलांच्या डब्याला हात लावू नये असं ठरलंय. डब्यात पोळीचा रोल, पराठ्याचे तुकडे, असं काही जे मांडीवर सांडणार नाही. बाथरूमला जायचं असेल तर मोठ्याने सांगायचं, लाजायचं नाही, हे दोनदा-तीनदा सांगा. घरी ते कधी सांगावं लागलं नाही ना.
गेटवर रडलं तर रडू द्या. मिठी मारा, "मी एक वाजता इथेच आहे" म्हणा आणि निघा. कोपऱ्यावर उभं राहून डोकावू नका, मुलांना बरोबर दिसतं.

बी-302, जुळ्यांची आई, 2:04
ताई, बूट काढून बघितले. दोघांचेही होत नाहीत.

सी-104, छकुलीची आई, 2:10
ताई, तुमचा मेसेज यांनाही वाचून दाखवला. आम्ही सही करतोय.

सी-401, आजी, 4:35
ताईने फार नीट लिहिलं. मी सरकारी प्राथमिक शाळेत आयुष्य काढलं, त्यामुळे मला दुसरीकडचं थोडं बोलायचं आहे. नातवाकडून टाइप करवतेय.
आपल्या गेटवर वॉचमनची मुलगी आहे, तिसरीत, सरकारी शाळेत. तिची शाळाही सोमवारीच उघडतेय. गेल्या वर्षी जुलैत सरकारने "हमारा घर हमारा विद्यालय" सुरू केलं. सकाळी दहा वाजता घरात घंटा किंवा थाळी वाजवायची आणि शाळा सुरू झाली असं मानायचं. व्हॉट्सॲपवर डिजीलेप या सरकारी उपक्रमाचे अभ्यासाचे व्हिडिओ यायचे. योजना काढणाऱ्यांना मी वाईट म्हणत नाही, त्यांच्या हातात तेवढंच होतं, आणि किती शिक्षक मोहल्ल्यात जाऊन ओट्यावर मुलं बसवत होते. पण या पोरीच्या घरात फोन एक. तो आई कामाला जाताना घेऊन जाते, संध्याकाळी सात वाजता परत येते. सकाळचा व्हिडिओ ती कधी बघणार?
मी तिला काल आरतीनंतर जवळ बसवून पहिलीचं पुस्तक दिलं. एकेक अक्षर बरोबर ओळखते, शब्द जुळवता येत नाही. 'ब', 'क', 'री' म्हणते आणि माझ्याकडे बघते. पोर हुशार आहे, हिशेब तोंडी करते, दुधाचे पैसे तिच्याकडून विचारा. तिला कुणी वाचायला बसवलंच नाही.
याच महिन्याच्या सुरुवातीला अर्थतज्ज्ञ ज्याँ द्रेझ आणि त्यांच्या सोबत्यांचा अहवाल आला. गरीब वस्त्यांतल्या जवळपास 1400 मुलांना भेटून केलेला. शहरातली 24 टक्के आणि खेड्यातली फक्त 8 टक्के मुलं नियमित ऑनलाइन शिकत होती. आपली मुलं मोबाइलवर शिकत होती म्हणून आपण हळहळतोय, ते बरोबरच आहे. पण त्यांना तेही मिळालं नाही.
माझं म्हणणं असं: गणपती उठले की हॉल रिकामा होईल. संध्याकाळी पाच ते सहा तिथे मुलांना वाचायला बसवू. सोसायटीची मुलं, वॉचमनची मुलगी, समोरच्या बांधकामावरची तीन-चार मुलं, कामाला येणाऱ्या बायांची मुलं. इयत्ता विचारायची नाही. अक्षर ओळखणारी एका सतरंजीवर, शब्द वाचणारी दुसरीवर, गोष्ट वाचणारी तिसरीवर. 'प्रथम' नावाची शिक्षणात काम करणारी संस्था कितीतरी वर्षं असंच करतेय. मी रोज येईन, पण एका म्हातारीने होणार नाही.

बी-204, 4:50
आजी, भावना चांगली आहे, पण शाळा सुरू होतेय, त्यात बाहेरची मुलं आत आणायची म्हणजे रिस्क नाही का वाढत?

बी-202, ताई, 4:58
दादा, ती मुलगी रोज आपल्या गाड्यांसाठी गेट उघडते. त्यांच्या आया आपल्या स्वयंपाकघरात असतात. त्यांचं येणं आपल्याला कामापुरतं चालतं आणि मुलीने पुस्तक घेऊन बसलेलं चालत नाही, हे मला नाही पटत.

ए-101, डॉक्टरकाका, 5:03
हॉलला तीन बाजूंनी खिडक्या आहेत, हवा चांगली खेळते. पावसाची सर नसेल तर गच्चीवर बसवा, ते आणखी बरं. मोठे सगळे मास्क लावून.

सी-203, 5:10
आजी, सोमवारपासून पितृपक्ष लागतोय. नवीन काही सुरू करावं का त्यात?

सी-401, आजी, 5:18
बाळा, माझ्या सासूबाईंचं श्राद्ध मी त्याच आठवड्यात करणार आहे आणि संध्याकाळी हॉलमध्येही येणार आहे. त्या स्वतः चौथी शिकल्या होत्या आणि मला बीटीला, म्हणजे शिक्षकाच्या ट्रेनिंगला, त्यांनीच पाठवलं. त्या काही म्हणणार नाहीत.

ए-301, गोलूचे बाबा, 6:22
ऑफिसमधून वाचतोय. शाळेचं संमतीपत्र मी आत्ता देत नाही, बाबांच्या तपासणीनंतर बघू. पण गच्चीवर उघड्यावर असेल तर गोलू येईल. आणि मीही येतो. मंगळवार-गुरुवार गणित माझ्याकडे द्या. वाचन मला नाही जमणार, माझी हिंदी तुम्हाला माहीत आहे. गोलूची पहिली-दुसरीची पुस्तकं पेटीत नवीकोरी पडली आहेत, ऑनलाइनमध्ये उघडलीच नाहीत. ती वॉचमनदादांकडे आज देतो.

सी-401, आजी, 6:25
ये रे. वाट बघते.

बी-302, जुळ्यांची आई, 6:40
मी सोमवार-बुधवार. गोष्ट वाचून दाखवणं मला आवडतं. मराठी की हिंदी?

बी-202, ताई, 6:44
दोन्ही. आपल्या मुलांना मराठी फक्त कानावर आहे, डोळ्यांखालून गेलेली नाही. बांधकामावरची मुलं निमाडी बोलतात. ज्याला जे समजतं त्यात सुरुवात करा, मुलं आपोआप पुढे जातात.

सचिव, 7:05
समितीशी बोललो. ठरलेलं असं: मंडप सोमवारी उतरेल, मंगळवारी हॉल धुऊन घेऊ, बुधवार 22 तारखेपासून रोज पाच ते सहा. पाऊस नसेल तर गच्ची, असेल तर हॉल. गच्चीचा कठडा पाण्याच्या टाकीच्या बाजूला कमी उंच आहे, तिकडे मुलं बसवायची नाहीत, मी दोरी बांधून घेतो. सतरंज्या गणपती मंडळाच्या वापरू. फळा कुणाकडे आहे का?

सी-203, 7:09
माझ्याकडे छोटा आहे, पाठवते. आणि शुक्रवारी मी येईन.

सी-104, छकुलीची आई, 7:15
शाळेच्या वॅनचं: माझ्या ओळखीच्या एका ऑटोवाल्या दादांशी बोलले. दोन्ही डोस झालेत, सर्टिफिकेट पाहिलं. एका फेरीत चारच मुलं घेईन म्हणाले, पडदे वर ठेवतील. छकुली आणि जुळे धरून तीन झाली, एक जागा आहे. सकाळी 7:40 ला गेटवर. ज्यांना हवी त्यांनी आज रात्री आरतीला सांगा, मला उद्या त्यांना फोन करायचाय.

बी-204, 7:21
ती जागा आमच्यासाठी ठेवा. आणि आजी, बांधकामावरच्या मुलांच्या मुकादमाला मी ओळखतो, उद्या बोलतो त्यांच्याशी.

सचिव, 7:24
आरती साडेसातला. आज प्रसाद ए विंगचा आहे.