राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरातून खरोखर काही शिकता येते का?

भूगोल_द्वितीयवर्ष
मी कला शाखेच्या द्वितीय वर्षात भूगोल घेऊन शिकत असून गेल्या वर्षीपासून राष्ट्रीय सेवा योजनेचा स्वयंसेवक आहे. दोन वर्षांत २४० तासांचे नियमित काम आणि सात दिवसांचे विशेष शिबिर पूर्ण केल्यावर प्रमाणपत्र मिळते. माझे पहिल्या वर्षाचे १२० तास भरले. परंतु त्यांतील बराच वेळ फेरीत फलक धरण्यात आणि कार्यक्रमांसाठी खुर्च्या मांडण्यात गेला. ही कामे मी मनापासून केली, तरी त्यांतून काय शिकलो हे मला सांगता येत नाही. डिसेंबरात दत्तक गावी शिबिर आहे. ते केवळ हजेरीपुरते राहू नये यासाठी मी काय करावे?

माजी_स्वयंसेवक
आमच्या शिबिरात ओढ्यावर वनराई बंधारा घालायचा होता. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, तोंडे शिवायची आणि वरची गोणी खालच्या दोन गोण्यांच्या सांध्यावर येईल अशा रीतीने थर रचायचे, एवढेच ते काम आहे असे आम्ही समजत होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी गोण्यांच्या खालून वाहताना दिसले, कारण तळाची वाळू न उपसताच आम्ही पहिला थर टाकला होता. गावातील एका वयस्कर शेतकऱ्यांनी स्वतः ओढ्यात उतरून, घट्ट तळ कुठे लागतो ते आम्हाला पायाने चाचपून दाखवले. पारगम्यता, म्हणजे थरातून पाणी झिरपू देण्याचा गुण, हा शब्द मी परीक्षेत लिहिला होता. तो मला कळला त्या सकाळी. म्हणून रोज नव्या गटात जाण्यापेक्षा एकच काम अखेरपर्यंत धरून ठेवा आणि फेब्रुवारीत त्या गावी पुन्हा जा. अडवलेले पाणी किती टिकले, हे शिबिराच्या आठवड्यात कळूच शकत नाही.

कार्यक्रम_अधिकारी
तास खुर्च्या मांडण्यात जात असतील, तर तो दोष आम्हा प्राध्यापकांचा आहे. ही योजना १९६९ मध्ये, महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, समाजसेवेतून विद्यार्थ्याचे व्यक्तिमत्त्व घडावे या हेतूने सुरू झाली. कार्यदैनंदिनी त्यासाठीच असते, पण अनेक विद्यार्थी ती वर्षअखेरीस एका बैठकीत भरतात. ‘आज श्रमदान केले’ असे न लिहिता कोण भेटले, काय चुकले आणि कोणता प्रश्न पडला, हे त्याच रात्री लिहावे. तुम्ही भूगोलाचे विद्यार्थी आहात, तेव्हा सरपंचांच्या संमतीने बंधाऱ्याजवळच्या विहिरींच्या पाणीपातळीची नोंद करा. मात्र ती माहिती गावासमोर अवश्य मांडा. लोकांना प्रश्न विचारून वह्या भरायच्या आणि निघून यायचे, हे मला अन्यायाचे वाटते.

भूगोल_द्वितीयवर्ष
आपणा दोघांचा मनःपूर्वक आभारी आहे. विहिरींचे काम मी घेतो. पातळी मोजण्यासाठी कोणते साधन लागेल?

माजी_स्वयंसेवक
टोकाला वजन बांधलेली मोजपट्टी पुरेशी आहे. काठावर एक खूण करा आणि प्रत्येक वेळी तेथूनच मोजा. उपसा सुरू होण्यापूर्वी, पहाटे जा.