मदत हवी आहे : इंदुरात एकाच डिशवर दोन बिऱ्हाडांना डीडी फ्री डिश

नमस्कार. रामबागेतील एका जुन्या वाड्यात माझ्या मामी आणि त्यांच्या धाकट्या जाऊबाई शेजारशेजारच्या बिऱ्हाडांत राहतात. दोघींना बातम्या आणि दूरदर्शनची सह्याद्री वाहिनी एवढेच पाहायचे असते, आणि तेवढ्यासाठी खाजगी डीटीएचचे दोन रिचार्ज दरमहा भरणे मला पटत नाही. म्हणून प्रसारभारतीची डीडी फ्री डिश घ्यायचे ठरले आहे. २००४ साली डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेल्या या सेवेला डिश आणि बॉक्स यांच्या खर्चानंतर मासिक शुल्क लागत नाही.

डिशवाचून भागेल का, हेही पाहिले. दूरदर्शनने २०१६ मध्ये ज्या सोळा शहरांत अँटेनावर दिसणारे डीव्हीबी-टी२ डिजिटल प्रक्षेपण सुरू केले, त्यांत इंदूर होते. परंतु त्या वेळी जाहीर झालेल्या वाहिन्यांत सह्याद्रीचे नाव नव्हते. राज्याबाहेरच्या मराठी घराला मनोऱ्यापेक्षा उपग्रहच जवळचा, असे म्हणायचे!

फ्री डिशचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. इंदुरातून तो आग्नेयेला, उत्तरेपासून सुमारे १४१ अंशांवर आणि क्षितिजापासून सुमारे ५७ अंश उंचीवर येतो. नेमक्या त्याच बाजूला शेजाऱ्यांनी नवा मजला चढवला आहे. तरी कोन इतका उभा असल्यामुळे, भिंत डिशपेक्षा तीन मीटर उंच असली तरी डिश तिच्यापासून दोन-अडीच मीटर मागे घेतल्यास अडथळा राहू नये, असा माझा हिशेब आहे. तो कोणी तपासून दिल्यास बरे होईल.

खरी अडचण दोन टीव्हींची आहे. एकाच एलएनबीच्या (डिशसमोरच्या, सिग्नल पकडणाऱ्या भागाच्या) वायरीला स्प्लिटर (वायरीचे दोन फाटे करणारा जोड) लावून दोन्हीकडे जोडणी देतो, असे डिशवाला म्हणतो. माझ्या समजुतीप्रमाणे वाहिनीनुसार बॉक्स एलएनबीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवून लहरींचे उभे किंवा आडवे ध्रुवीकरण (कंपनाची दिशा) निवडतो, आणि एका वायरीवर एका वेळी एकच मिळते. मग एकीने वाहिनी बदलली की दुसरीचे चित्र जाण्याचा संभव आहे, आणि त्यावरून वाड्यात जे होईल ते मला नको आहे. त्यापेक्षा दोन आउटपुटांची एलएनबी घेऊन प्रत्येक बॉक्सला स्वतंत्र वायर द्यावी, असे मला वाटते. हे योग्य आहे का? आणि पत्र्यावर असलेली खाजगी डीटीएचची जुनी डिश फिरवून वापरता येईल का?

बॉक्स एमपीईजी-४ (चित्र दाबून पाठवण्याची नवी पद्धत) चा घ्यावा, म्हणजे जुन्या एमपीईजी-२ पद्धतीच्या वाहिन्याही त्यावर दिसतील, असा विचार आहे. मात्र मामींचा टीव्ही जुना असून त्याला केवळ लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची जागा आहे, एचडीएमआय नाही. असा बॉक्स सध्या इंदूरच्या बाजारात कोणी घेतला असल्यास कृपया कळवावे.