‘लगतची बाजू’ म्हणजे नेमकी कोणती?

देवगडहून:
नववीच्या स्वाध्यायाचे मराठी करताना मी ‘लघुकोनाच्या लगतची बाजू भागिले कर्ण म्हणजे कोसाइन’ असे लिहिले, तेव्हा वर्गातल्या एका मुलीने फळ्याशी येऊन कर्णावर बोट ठेवले आणि ‘सर, हीपण कोनाक लागानच आसा’ असे सांगितले. तिचे खरे आहे, कारण काटकोन त्रिकोणातला लघुकोन होतो तोच मुळी कर्ण आणि दुसरी एक बाजू यांच्यामध्ये. कर्ण वगळणारा दुसरा शब्द कोणी सुचवील काय?

राजापूरहून:
भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) काटकोनाच्या दोन बाजूंना भुज व कोटी आणि तिसरीला कर्ण अशी नावे असताना ‘लगतची’ आणि ‘समोरची’ हे शेजारपाजारचे शब्द गणितात कशाला हवेत? साइनलाही (समोरची बाजू भागिले कर्ण) ‘ज्या’ आणि कोसाइनला ‘कोटिज्या’ म्हणावे.

मालवणहून:
भुज आणि कोटी ही बाजूंची नावे झाली. इथे नाव पडते ते कोनावरून. एका लघुकोनाच्या समोरची बाजू दुसऱ्याच्या लगतची असते, म्हणूनच ३० अंशांचा साइन आणि ६० अंशांचा कोसाइन दोन्ही १/२ येतात. आमच्या घराचे छप्पर करताना सुतारकाका पाख्याचा उतार ‘फुटाक सात इंच’ एवढाच सांगत. आडव्या एका फुटामागे सात इंच उंची म्हणजे जवळजवळ ३० अंशांचा टॅन्जंट, पण त्यांना ना स्पर्शज्या ठाऊक होती ना टॅन्जंट. कर्णाच्या जागी त्यांचा वासा असे, आणि वाशाला त्यांनी लगतची बाजू कधीच म्हटले नसते.

विजयदुर्गहून:
राजापूरकरांची ज्या पत्करली तरी घोटाळा उरतोच. आर्यभटांच्या ग्रंथात (४९९) ज्या हे गुणोत्तर नव्हे, तर ३४३८ त्रिज्येच्या वर्तुळातली अर्ध्या जीवेची लांबी आहे. त्या हिशेबाने ३० अंशांची ज्या १७१९ भरते. शिवाय साइन परका तरी कुठे आहे? ज्येलाच ‘जीवा’ही म्हणत; त्या ‘जीवा’चे अरबीत ‘जीबा’ झाले, स्वरचिन्हांवाचून लिहिलेला तो शब्द पुढे ‘जैब’ असा वाचला गेला, आणि जैब म्हणजे वस्त्राची छातीवरची घडी म्हणून बाराव्या शतकात त्याचे लॅटिन भाषांतर ‘सायनस’ असे झाले. सायनसचा एक अर्थ आखात असाही असल्यामुळे वाघोटणच्या खाडीकाठी राहणाऱ्या मला तो घरचाच वाटतो.

राजापूरहून:
नाव बदलून परतलेला माणूस घरचाच असेल, तर त्याला मूळ नावाने हाक मारायला कोणाची हरकत आहे? ज्याचा अर्थ लांबीवरून गुणोत्तरापर्यंत वाढला, तो बिघडला असे मी मानत नाही.

गुहागरहून:
कर्ण म्हणजे कान हे सर्वांना ठाऊक आहे, परंतु संस्कृतात कर्ण म्हणजे सुकाणूही, आणि कर्णधार त्यावरूनच आला. त्रिकोणातला कर्णही मला सुकाणूच वाटतो.

देवगडहून:
सुकाणू तूर्त राहू द्यावे, कारण स्वाध्यायपत्रिका उद्या छापायची आहे. मी ‘कर्णाखेरीज लगतची’ असे लिहून दिले, तर त्या मुलीने ‘मग समोरच्या बाजूक कर्णाखेरीज कित्याक नाय?’ असे विचारले. कर्ण काटकोनासमोर असतो, लघुकोनासमोर तो कधीच येत नाही, हे तिला आकृती काढून दाखवावे लागले.

राजापूरहून:
नऊ अक्षरे खर्चूनही आकृती काढावीच लागली. ‘कोटी’ला दोनच लागतात.