पावसातली सभा आणि पिपाणी

वर एकांनी लिहिलंय की २०१९ची साताऱ्याची लोकसभा पोटनिवडणूक व्हॉट्सॲपनेच फिरवली, मग आता जिल्ह्याला बातमीदार हवा कशाला? निम्मं मान्य. १८ ऑक्टोबरला शरद पवार भर पावसात बोलले आणि आमचं पान छपाईला जायच्या आत तो व्हिडिओ लोकांच्या मोबाइलवर होता. पण भाजपचे उमेदवार उदयनराजे भोसले एका क्लिपमुळे पडले म्हणता, तर पवारांच्या राष्ट्रवादीतून निवडून आल्यावर चार महिन्यांत त्यांनी पक्ष बदलला होता, त्याचं काय?

२०२४ची लोकसभा बघा. उदयनराजे सुमारे ३२ हजारांनी जिंकले आणि पिपाणी (तुतारीसारखंच फुंकायचं वाद्य) चिन्हाच्या अपक्षाने ३७ हजारांवर मतं घेतली. समोर पवारांच्या पक्षाच्या शशिकांत शिंदेंचं चिन्ह तुतारी वाजवणारा माणूस. ती सगळीच मतं चुकून पडली असं मी म्हणणार नाही. पण गावातली म्हातारी माणसं चिन्ह कसं ओळखतात, हे रील बघून कळत नाही. पारावर बसावं लागतं.

एआयचं म्हणाल तर प्रेसनोटची बातमी ते झकास करतं, डेस्कवर मीही करून घेतो. (नाहीतरी त्यात आम्ही फक्त विशेषणंच कापायचो.) पालिकेतल्या टेंडरचा कागद मात्र एखाद्या बातमीदार पोराने चार हेलपाटे घातले तरच मिळतो. त्या पोराच्या पेट्रोलचे पैसे कोण देणार, ते बोला. उमेदवाराकडून पैसे घेऊन बातम्यांचं पॅकेज विकणारं पोर्टल तर देणार नाही.