दप्तर, पाठ आणि 'आमच्या वेळी'

बोरकूट:
'आम्ही तीन मैल चालत शाळेत जायचो, पाठ कधी दुखली नाही. हल्लीची पोरंच लोण्याची', असं तिरकस तात्यांनी काल ठोकून दिलंय. तात्या, तुमच्या दप्तरात होतं काय? पाटी, पेन्सिल नि एखादं पुस्तक! लेकीचं दप्तर काल सामान मोजायच्या काट्याला टांगलं. ५ किलो ४००. पोरगी पाचवीत, वजन २७. दप्तर वजनाच्या दहा टक्क्यांत हवं, हे राज्याने २०१५ लाच कागदावर आणलं. केंद्राच्या २०२० च्या धोरणात तिसरी ते पाचवीला कमाल अडीच किलो. आणि एकट्या मराठीच्या वह्या तीन: वर्गपाठ, गृहपाठ, निबंध. खांद्यांवर बंदांचे लाल वळ उठलेत.

तिरकस तात्या:
पाटी फुटली की घरी मार बसायचा, तो धरा वजनात. वळ म्हणजे पाठदुखी नव्हे. ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनमधला २०१८ चा आढावा वाचा. दप्तरामुळे मुलांची पाठ दुखते, याला पटण्याजोगा पुरावा मिळालेला नाही. मोबाइलवर मान मोडून बसतात ते दिसत नाही?

बोरकूट:
पुरावा नाही म्हणून दुप्पट ओझं द्यायचं? चंद्रपूरच्या सातवीतल्या दोन मुलांनी २०१६ ला चक्क पत्रकार परिषद घेतली होती. पाच-सात किलो घेऊन तिसरा मजला चढतो म्हणाले. तीही लोण्याचीच का?

खडूफळा:
शिक्षक आहे म्हणून बोलतो. ओझं कमी करायला २०२३ ला बालभारतीच्या पुस्तकांचे चार भाग केले, आत कोरी पानं घातली. पोरं त्यावर फुली-गोळा खेळली. गणिताला पानं पुरेनात, शेवटी वही आलीच. २०२५ ला गुंडाळलं सगळं. तोवर दोन वर्षं 'सर, भाग दोन हरवला' ऐकत होतो.

सायडिंग:
हरवला तर शोधायला लावायचा! माझ्या मुलाचं दप्तर तेवढीच दोन वर्षं हलकं होतं. तुम्हाला पानं तपासायचा कंटाळा, हे सांगा की.

खडूफळा:
कंटाळा? पाच इयत्ता, दोन शिक्षक, त्यात निवडणुकीची कामं. या एकदा आमच्या वर्गावर. आणि लिहिलेलं पुस्तक धाकट्या भावाला चालतं का? थेट रद्दीत.

सायडिंग:
ते मात्र खरं. आमच्याकडे चारही भाग माळ्यावर पडलेत. पण तपासायचा कंटाळा होताच.

बोरकूट:
अहो, धागा पाठीचा आहे!

तिरकस तात्या:
नातवाचं दप्तर आज उचलून पाहिलं. चौथीत आहे. साडेचार किलो. बसपर्यंत मीच नेलं, कंबर धरली. आत एक दगड सापडला, तो त्याने स्वतः जमवलेला. बाकी सगळं शाळेचं. झालं समाधान? आढाव्याबद्दलचं मत कायम आहे.