बहीण स्विंडनला नर्स म्हणून चालली. तिथल्या गुन्ह्यांचे आकडे कसे वाचायचे आणि काळजी कशाची घ्यायची?

पांढरं_सोनं (ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

नमस्कार मंडळी. लहान बहिणीला इंग्लंडमध्ये स्विंडनच्या ग्रेट वेस्टर्न हॉस्पिटलमध्ये स्टाफ नर्सची नोकरी लागली आहे. पहिले काही आठवडे हॉस्पिटल राहायची सोय करणार, मग खोली स्वतःच पाहावी लागेल. कोणीतरी बाबांना मोबाइलवर तिथला क्राइम रेट दाखवला. त्यात ‘व्हायलन्स अँड सेक्शुअल ऑफेन्सेस’ हाच आकडा सगळ्यांत मोठा. तेव्हापासून घरात सगळ्यांना घोर लागून राहिला आहे.

हे आकडे किती मनावर घ्यायचे? खोली कोणत्या भागात पाहावी? ड्यूटीची पाळी संपवून रात्री परतताना काय करावं? आई म्हणते पोत आणि गोफ घालून जा, आणि बॅगेत मिरचीचा स्प्रे ठेव. हे बरोबर आहे का? आम्ही इथे गावात बसून काय करू शकतो, तेही सांगा. ‘काळजी करू नका, इंग्लंड सेफ आहे’ एवढंच लिहू नका, नेमकं सांगा.

आकडेमोड

भाऊ, बाबा ज्या आकड्याला घाबरले तो आधी उलगडून पाहू. इंग्लंडच्या पोलीस नकाशात गुन्ह्यांचे १४ प्रकार असतात. ‘व्हायलन्स अँड सेक्शुअल ऑफेन्सेस’ हा त्यातला सर्वांत मोठा गठ्ठा, आणि जवळजवळ प्रत्येक गावात तोच वर दिसतो. त्यात चाकूहल्ला आणि बलात्कार येतात. पण जखम न होता झालेली धक्काबुक्की, धमकी, पाठलाग, जुन्या नवऱ्याचे छळाचे मेसेज हेसुद्धा त्यातच येतात. आपल्याकडे ठाण्यात एन.सी. लिहून जे मिटते, त्यातलं बरंच तिकडे गुन्हा म्हणून नोंदलं जाते. म्हणून तिथला एकूण आकडा आपल्या जिल्ह्याच्या आकड्याशेजारी ठेवून तुलना करू नका. तुलना करायचीच तर खुनांची करा, कारण खून सहसा कुठेच नोंदीतून सुटत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये वर्षाला लाख माणसांमागे साधारण एक खून होतो. महाराष्ट्राचं प्रमाण त्याहून जास्त आहे.

दुसरी अडचण दराची. स्विंडनची लोकसंख्या २०२१ च्या जनगणनेत साधारण २ लाख ३३ हजार होती, म्हणजे २०११ च्या अकोल्याच्या निम्म्याहून थोडी जास्त. गुन्ह्यांचा दर काढताना भागायला घेतात ते तिथे राहणारे लोक. शहराच्या मध्यभागी राहणारे कमी. दुकानं, पब, स्टेशन यांच्यासाठी येणारे हजारो. समजा एका भागात ३,००० लोक राहतात आणि वर्षात ९०० गुन्हे झाले, तर दर हजारी ३०० निघतो. पण त्यातले ४०० दुकानातली उचलेगिरी आणि २०० पबबाहेरची भांडणं असतील, तर वरच्या मजल्यावर भाड्याने राहणाऱ्या नर्सचा धोका ३०० वाल्या आकड्यातून कळतच नाही.

आता पाहायचं कसं ते. ‘पोलीस डॉट यूके’ उघडा आणि खोलीचा पूर्ण पोस्टकोड टाका. अर्धा नको: ‘एसएन३’ म्हणजे शहराचा मोठा तुकडा, पूर्ण पोस्टकोडमध्ये मात्र सरासरी १५ च्या आसपास घरं असतात. स्विंडनचे पोलीस म्हणजे विल्टशर पोलीस, त्यांचं त्या वस्तीचं पथक तिथेच दिसेल. एका महिन्यावर निकाल देऊ नका, मागचे १२ महिने पाहा. उन्हाळ्यात रस्त्यावरची भांडणं वाढतात, आणि एखादा महिना एकाच माणसाच्या दहा चोऱ्यांनी फुगतो.

चार खाने पाहा: बर्गलरी म्हणजे घरफोडी, रॉबरी म्हणजे धाक किंवा मारहाण करून घेतलेलं, ‘थेफ्ट फ्रॉम द पर्सन’ म्हणजे पाकीटमारी आणि हातातला मोबाइल हिसकणं, आणि शस्त्र बाळगणं. यातल्या बर्गलरीत दुकानं, शेड आणि गॅरेज फोडणंही मोजतात, त्यामुळे बाजाराच्या भागात तो आकडा घरांचा समजू नका. ‘अँटी-सोशल बिहेव्हियर’ सरकारी आकडेवारीत गुन्हा म्हणून धरत नाहीत, पण रात्री शांतता आहे की नाही ते त्यावरूनच कळते. पोरांचा गोंगाट, दारूचा धिंगाणा हे सगळं तिथे.

नकाशावरचा ठिपका खऱ्या घरावर नसतो. ओळख लपवायला तो जवळच्या ठरावीक बिंदूवर सरकवतात, आणि त्या बिंदूच्या हद्दीत निदान आठ पत्ते तरी असतात किंवा एकही नसतो. म्हणून ‘ऑन ऑर निअर सुपरमार्केट’, ‘पार्किंग एरिया’, ‘हॉस्पिटल’ असे ठिपके दिसतात. हॉस्पिटलच्या ठिपक्यावर मारहाणीच्या नोंदी दिसल्या म्हणजे तो रस्ता वाईट असं नाही. इमर्जन्सीत दारूच्या नशेत आलेल्यांनी स्टाफवर हात उचलला तर तोही तिथेच नोंदतात. आणखी एक: नकाशात फक्त महिना असतो, वेळ नसते. दुपारची घटना की रात्री दोनची, हे त्यातून निघत नाही. ते समजायला स्ट्रीट व्ह्यूवर बस थांब्यापासून दारापर्यंतचा रस्ता पाहा: दिवे आहेत का, घरांच्या मागून बोळ जातो का, भुयारी वाट ओलांडावी लागते का.

ताज्या आकड्यांना साधारण दोन महिने उशीर असतो, म्हणून चालू महिना रिकामा दिसला तर चकू नका.

पळसफूल

आकडेमोड दादांनी नकाशाचं सांगितलं, मी दाराचं सांगते. खोली पाहताना सगळे किचन आणि हीटर पाहतात. कुलूप कोणी पाहत नाही.

तिकडे बऱ्याच घरांना प्लास्टिकच्या चौकटीचं दार असते. नुसतं ओढून घेतलं की फक्त खटका बसतो, कड्या बसत नाहीत. हँडल पूर्ण वर उचलायचं, मगच किल्ली फिरवायची, तेव्हा वर-मधे-खाली तिन्ही ठिकाणी कड्या बसतात. नवीन माणूस हेच विसरतो, आणि चोर हँडल दाबूनच पाहतात. किल्ली जाते तो सिलिंडर हँडलच्या पट्टीबाहेर तीन मिलीमीटरपेक्षा जास्त आला असेल, तर पकडीने धरून तो मधोमध तोडता येतो. ‘टीएस ००७’ चे तीन तारे असलेला सिलिंडर याला टिकतो. लाकडी दार असेल तर पाच लिव्हरचं कुलूप हवं, त्यावर ‘बीएस ३६२१’ कोरलेलं असते. बदलून द्यायला घरमालकाला लेखी सांगायचं, परस्पर बदलायचं नाही. किल्ल्या दाराजवळच्या खुंटीला टांगू नका, पत्रपेटीच्या फटीतून काठी घालून काढतात. डिसेंबरात दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो आणि अंधारी खिडकी म्हणजे घरी कोणी नाही, हे बाहेरून समजते. टायमरवरचा दिवा स्वस्त मिळतो.

सोनं नेऊ नका. इंग्लंडमध्ये भारतीय घरांतलं सोनं हेरून घरफोड्या होतात, दिवाळी आणि लग्नसराईच्या आधी तिथले पोलीस तसा इशाराही देतात. तिथल्या मोठ्या बँकांनी लॉकर बहुतेक बंद केले आहेत. घरातल्या सामानाचा विमा काढला तरी एका वस्तूला मर्यादा असते. त्यावरचा दागिना वेगळा लिहून दिला नाही, पावती आणि फोटो ठेवले नाहीत, तर दावा अडतो. एखादी बारीक पोत असू द्या, बाकी तालुक्याच्या बँकेतल्या लॉकरमध्ये बरं. आईला सांगा, अंगावरचं सोनं दिसण्यापेक्षा जॅकेटच्या आत राहिलेलं चांगलं.

आता डिपॉझिट. वर्षाचं भाडं ५०,००० पाउंडांखाली असेल तर पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त डिपॉझिट कायद्याने घेता येत नाही. खोली धरून ठेवायला घेतात ती रक्कम एका आठवड्याच्या भाड्याहून जास्त नको. डिपॉझिट ३० दिवसांत सरकारमान्य योजनेत टाकून तिची माहिती भाडेकरूला द्यावी लागते. घर न पाहता ‘मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरिअरने येईल’ म्हणणारा फसवणारा समजा. आपल्या नव्या मुलींची लूट रस्त्यावरच होते असं नाही, इथेही होते. वेगवेगळ्या कुटुंबांतले पाच किंवा जास्त लोक एका घरात राहत असतील तर त्या घराला कौन्सिलचं, म्हणजे तिथल्या नगरपालिकेचं, लायसन्स लागते, ते आहे का हे कौन्सिलच्या वेबसाइटवर पाहता येते. लायसन्स नसलेल्या घरात आग लागली तर धुराचा अलार्म वाजेलच याची खात्री नाही.

पांढरं_सोनं

खूप आभार ताई, दादा. स्प्रेचं आणि पोलिसांना फोन करायचं कोणी सांगाल का? आणि ‘पोलीस येतात का’ हा बाबांचा प्रश्न आहेच.

पैनगंगाकाठ

स्प्रे अजिबात नको. १९६८ च्या फायरआर्म्स ॲक्टच्या कलम ५ खाली मिरचीचा किंवा पेपर स्प्रे तिथे बंदी असलेलं शस्त्र आहे, बंदुकीच्याच कायद्यात. बॅगेत सापडला तर बचावासाठी ठेवला हे चालत नाही, आणि नर्सच्या नोंदणीवर आणि व्हिसावर त्याचा परिणाम होऊ शकतो. मारायच्या हेतूने घेतलेली मिरचीपूडसुद्धा शस्त्रच धरतात. चाकूचंही कडक आहे: घडीचा, न अडकणारा आणि तीन इंचांपर्यंतच्या पात्याचा सोडून बाकी चाकू योग्य कारणाशिवाय बाहेर नेता येत नाही, चार वर्षांपर्यंत शिक्षा आहे. भाजी चिरायची सुरी दुकानातून आणायची तर वेष्टनासकट थेट घरी. त्यापेक्षा बॅटरीवरचा मोठ्याने वाजणारा पर्सनल अलार्म घ्या. तो हातात किंवा बॅगेच्या पट्ट्याला असावा, बॅगेच्या तळाशी असला तर कामाचा नाही.

फोनचं असं. जीव धोक्यात, गुन्हा आत्ता होऊन राहिला, चोर समोर आहे: ९९९. झालेला गुन्हा किंवा शंका: १०१, हा फोन २०२० पासून मोफत आहे. रेल्वेत काही घडलं तर ६१०१६ वर मेसेज. बोलता येत नसेल तर मोबाइलवरून ९९९ लावून थांबायचं, खोकायला किंवा टिचकी मारायला सांगतील. तेही जमलं नाही तर सूचना ऐकू आली की ५५ दाबायचं, मग फोन पोलिसांकडे जातो. ५५ दाबलं नाही तर फोन तोडतात. ५५ दाबल्याने ठिकाण आपोआप कळेल असं गृहीत धरू नका, शक्य झालं की रस्त्याचं नाव कुजबुजा. मेसेजने ९९९ गाठायची सोय आहे, पण तिची नोंद आधी करावी लागते: मोबाइलवरून ‘रजिस्टर’ एवढा इंग्रजी शब्द ९९९ वर पाठवायचा, उत्तर येते त्याला होकार द्यायचा. हे पहिल्याच दिवशी करून ठेवा. इंग्रजी अडली तर हिंदी दुभाषी मागता येतो.

पोलीस येतात का? घरफोडीला येतात. २०२२ मध्ये इंग्लंड आणि वेल्सच्या सगळ्या पोलीस दलांनी राहत्या घराच्या प्रत्येक घरफोडीला हजर राहण्याचं ठरवलं. सायकल किंवा मोबाइल चोरीला बहुधा येत नाहीत, ऑनलाइन नोंद होते आणि क्राइम रेफरन्स नंबर मिळतो. तो जपून ठेवा, विमा त्याच्यावर चालतो. आपल्याकडच्या एफआयआरच्या प्रतीसारखा कागद हातात मिळेल अशी वाट पाहू नका. बऱ्याच चोऱ्यांचा तपास ‘संशयित सापडला नाही’ म्हणून बंदही होतो, हे बाबांना आधीच सांगा. मोबाइलचा आयएमईआय नंबर *#०६# दाबून आधी इथल्या वहीत लिहून घ्या.

गणवेशातले सगळेच पोलीस नसतात. निळ्या पट्ट्याच्या टोपीतले पीसीएसओ, म्हणजे वस्तीत फिरणारे पोलिसांचे मदतनीस असतात, त्यांना पोलिसासारखा अटकेचा अधिकार नाही, पण वस्तीतली सगळ्यात जास्त माहिती त्यांच्याकडेच. तोंड ओळखीचं करून ठेवावं.

पाळीवरून येताना: ग्रेट वेस्टर्न शहराच्या आग्नेय कडेला, एम-फोर महामार्गाजवळ आहे, मध्यभागातून चालत जाण्याएवढं जवळ नाही. त्यामुळे खोली पाहतानाच पाळी संपते त्या वेळी शेवटची बस कधी, रविवारी किती बस, हे आधी पाहा. स्वस्त खोली आणि रोज रात्री टॅक्सी, हा हिशेब महाग पडतो. टॅक्सी घ्यायची तर कौन्सिलच्या लायसन्सची पाटी आणि चालकाचा बिल्ला पाहून. रस्त्यावर थांबून हात करणाऱ्या खासगी गाडीत बसायचं नाही. खासगी गाडी आधी बुक केलेलीच कायदेशीर असते.

आकडेमोड

पैनगंगाकाठ यांच्या लिहिण्यात दोन गोष्टींची भर. बहिणीला कोणी ‘तुझं बँक खातं थोडे दिवस वापरू दे, ५०० पाउंड देतो’ म्हणालं तर साफ नाही म्हणायचं. त्यातून चोरीचे पैसे फिरवतात. मनी लाँडरिंगला १४ वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि सिफास या फसवणुकीच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेची खूण एकदा नावावर पडली की सहा वर्षांपर्यंत खातं, कर्ज, फोन मिळणं अवघड होतं. बँकेच्या नावाने फोन आला तर ठेवून द्यायचा आणि १५९ लावायचा, तो बहुतेक मोठ्या बँकांच्या खऱ्या नंबराला जोडून देतो. संशयाचा मेसेज ७७२६ वर पुढे पाठवायचा. होम ऑफिस किंवा पोलीस फोनवर दंड मागत नाहीत.

दुसरं तुमच्यासाठी. मुलगी बाहेर गेली हे गावात कळते, आणि मग बाबांच्या मोबाइलवर व्हिडिओ कॉल येतो: ‘तुमच्या मुलीला लंडनमध्ये अटक झाली, पैसे टाका.’ मागे रडण्याचा आवाजही वाजवतात. ‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्ट कुठल्याच कायद्यात नाही. फोन बंद करून बहिणीला लावा. उचलला नाही तर ती पाळीवर आहे का ते पाहा: त्यांच्याकडची वेळ मार्चच्या शेवटच्या रविवारापासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारापर्यंत आपल्याहून साडेचार तास मागे, बाकीच्या काळात साडेपाच. पाळीचं महिन्याचं वेळापत्रक घरात भिंतीवर लावून ठेवा, आणि तुमच्यात एक खुणेचा शब्द ठरवा. पैसे गेलेच तर तासाभराच्या आत १९३० लावा, जितकं लवकर तितके पैसे अडवता येतात.

गावाहून ९९९ लावला तर इंग्लंडला लागत नाही. तिला खरंच काही झालं अशी शंका आली तर विल्टशर पोलिसांच्या वेबसाइटवरून परदेशातून लावायचा नंबर, तिच्या खोलीचा पूर्ण पत्ता पोस्टकोडसकट, वॉर्डचा नंबर आणि तिथल्या एका मैत्रिणीचा नंबर, एवढं एका कागदावर लिहून बाबांच्या मोबाइलच्या कव्हरमध्ये ठेवा. तिने खोली बदलली की त्याच दिवशी कागदही बदला.